हाडवैर

पहिल्या दिवशी त्सियालाने मला कशालाच हात लावू दिला नाही.
म्हणाली, हात खिशात घाल आणि बघ.

बघण्यासारखं काय होतं?
पाण्यासारखं पाणी,
जाड दुधी प्लास्टिकच्या बाटलीत गुमान बसलेलं.
काचेच्या बाटलीत का नाही, मी विचारलं.
तिने धूरकपाटाच्या तावदानाकडे बोट केलं.
एकोणीस वर्षं वाफेने चाटून चाटून
मोतीबिंदू उतरल्यासारखी झालेली काच.
"काच खातं हे. दगडही खातं.
आणि तुझ्या आत दगडासारखं जे काही आहे,
तेही."

तिबिलिसीत मार्च होता, म्तक्वारी गढूळ वाहत होती.
जावाखेतीच्या पठारावरल्या एका गोठल्या तळ्याच्या बुडाचा गाळ
नळकांड्यांत निजला होता.
त्यातली वाळू विरघळवायची
आणि मागे ठेवायचे पराग,
सहा हजार वर्षांपूर्वी कुणा झाडांनी वाऱ्यावर सोडलेले.
पराग या आम्लाला दाद देत नाहीत.
आपण देतो.

"बाकीची आम्लं भांडखोर," त्सियाला म्हणाली,
"अंगावर येतात, तू किंचाळतेस, नळाकडे धावतेस.
हे पातळ असलं की पाहुण्यासारखं येतं,
चपला दाराशी काढून.
कातडीशी याचं भांडण नाही.
हाडवैर आहे याचं,
अगदी शब्दशः."

मग तिने बादरीचं सांगितलं.
हातमोज्याला टाचणीएवढं भोक. अंगठ्यावर एक थेंब.
दुखलं नाही, म्हणून बोलला नाही.
घरी गेला, राजमा खाल्ला, मुलीला गणितं समजावली.
रात्री दोन वाजता अंगठा दारात सापडल्यासारखा ठणकू लागला.
बाहेर लालीसुद्धा नव्हती,
आत हाडातला चुना वेचणं चालू होतं.
सकाळपर्यंत तो भिंतीवर डोकं आपटत होता.

"आता म्हण माझ्यामागे," ती म्हणाली, मी म्हटलं:
मोज्यांचे दोन थर, वरचा जाड.
घालण्याआधी फुंकर भरून गालाशी धर,
हवा कुठे सुटतेय ते गालाला आधी कळतं.
पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही.
एकटीने कधीच नाही.
उडालं तर कपडे फेक, लाज नंतर.
पाच मिनिटं पाणी, मग कॅल्शियमचं जेल,
चोळत राहा, अँब्युलन्समध्येही चोळत राहा,
आणि दवाखान्यात नाव नीट सांग,
नुसतं 'अ‍ॅसिड' म्हणू नकोस,
डॉक्टर साध्या भाजण्याचं मलम लावतील.
"आणि दुखलं नाही तर?"
"दुखलं नाही तरी," मी म्हटलं.
तिने मान हलवली नाही. पुन्हा म्हणायला लावलं.

ती सांगते, वीज जायची त्या हिवाळ्यांत
धूरकपाटाचा पंखा थांबला की
सगळे झाकणं लावून जिन्यात येऊन बसत,
मेणबत्तीभोवती माणसं मोजत.
कुणी अर्धं काम टाकून यायला कुरकुरला तर
ती त्याला महिनाभर नुसत्या बरण्या धुवायला लावी.
हाडाची मास्तरीण.

जूनमध्ये पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं:
डोंगर गेला होता, आणि उजेडात
गोल, छिद्रछिद्रांचा, मधाच्या रंगाचा
अक्रोडाचा एक पराग.
मी ओरडले. त्सियालाने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं,
"अक्रोड," म्हणाली, आणि वहीत एक रेघ ओढली.

बादरी अजून गुरुवारी येतो,
अंगणातले अक्रोड वर्तमानपत्रात बांधून.
आम्हीच फोडतो ते.
त्याचा उजवा अंगठा पेरापाशी संपतो,
टोपी हातात धरायला पुरतो, अक्रोडाला पुरत नाही.
कधी कधी तो त्या अंगठ्याने फडताळावरची जेलची ट्यूब
उलटी करतो, डोळे बारीक करतो,
आणि मला हाक मारतो:
"पोरी, ही तारीख वाच बघू.
मोठ्याने."