अनुभव असल्यास

फॉर्मवर रकाना होता :
कार्यशाळेचा पूर्वानुभव असल्यास लिहावा.
मी लिहिलं, एकवीस वर्षं,
एसटीची विभागीय कार्यशाळा, इंजिन विभाग.
पहिल्या रविवारी राजवाडे बाई पुण्याहून आल्या
तेव्हा तो कागद त्यांच्या हातात होता.
हसल्या नाहीत.
तेव्हाच ठरवलं, चारही रविवार यायचं.

पंचवटीतली शाळा, चौथी ब.
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला.
फळ्यावर पुसायचा राहिलेला तेराचा पाढा,
त्याच्या शेजारी बाईंनी लिहिलं :
कुणाला काय हवंय?
आम्ही चौदा जण. कुणीच उत्तर दिलं नाही.
बाई म्हणाल्या, तुम्हाला नव्हे, पात्रांना.

शिकवलं बरंच.
निवेदक वेगळा, लेखक वेगळा.
संवादात माणसं विचारलेल्याचं उत्तर देत नाहीत,
हे मला घरी आधीच कळलेलं.
‘अचानक’ हा शब्द हॉर्नसारखा,
ज्याचा ब्रेक नीट लागत नाही तो जास्त वाजवतो,
हे माझं वाक्य,
पण बाईंनी वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या रविवारी म्हणाल्या,
कथेची विरळणी करा, द्राक्षाच्या घडासारखी.
दिंडोरीच्या यमुना गांगुर्डे मागून बोलल्या,
बाई, तोडलेला मणी खालीच पडतो.
चप्पल घसरते त्याच्यावरून.
खिडकीतून गंगेवरचे आवाज येत राहिले,
कुणीतरी पितळेचं भांडं घासत होतं.

तिसऱ्या रविवारी माझी कथा.
नांदगाव-नाशिक, रात्री मुक्कामाला आलेली गाडी,
सव्वीस नंबरच्या सीटखाली लहान मुलाची सँडल,
डाव्या पायाची, निळी, बक्कल तुटलेलं.
मेकॅनिक ती घेऊन गावोगाव फिरतो,
मनमाडला पोराची आई सापडते,
ती रडते, हा रडतो,
स्टँडवरचे लाइट जातात.

बाईंनी विचारलं, लाइट का गेले?
म्हटलं, शेवट करायचा होता.
बँकेतून निवृत्त झालेले दाणी म्हणाले,
आई फार लवकर सापडली.
आणि ऋजुता, कॉलेजातली, पेन चावत,
काका, आई आहे, सँडल आहे,
मुलगा कुठंय?
मी बाटलीतलं पाणी संपवलं.

सँडल अकरा वर्षं माझ्या लॉकरमध्ये आहे,
पान्यांच्या पेटीमागे, ग्रीसच्या डब्याला टेकून.
मी कुठेही फिरलो नाही.
सापडलेल्या वस्तूंच्या रजिस्टरात नोंद केली नाही,
आज उद्या करत,
मग तारीख काय घालायची हाच प्रश्न झाला.

हे वर्गात सांगितलं नाही.
पण बाई माझ्याकडे बघत होत्या,
मी चालू इंजिनाला कान लावतो तशा.
म्हणाल्या, निरगुडे, शेवटची दोन पानं काढून बघा.
त्या दोन पानांना
मला अख्खा मार्गशीर्ष लागला होता.

सोमवारी पहिल्या पाळीला लॉकर उघडलं.
सँडल होती.
बक्कल शाबूत.
ते मी कथेत तोडलं होतं,
आणि इतके दिवस तुटलेलंच धरून चाललो होतो.
लावून पाहिलं. लागलं. पुन्हा काढलं.

तेवढ्यात पिंपळगाव डेपोची गाडी आली.
जॉबकार्डवर ड्रायव्हरची तक्रार : चढाला आवाज येतो.
दुपारपर्यंत खोललं, बसवलं,
म्हसरूळच्या चढावर नेऊन आणली.
येत होता.
शेरा लिहिला :
आवाज येतो. कारण सापडले नाही.
गाडी मार्गावर सोडण्यास हरकत नाही.
सही करताना हात थोडा थांबला.

चौथ्या रविवारी
माझी कथा या तीन ओळींवर संपली.
दाणी म्हणाले, हे काय, संपली?
बाई काही बोलल्या नाहीत, फळा पुसायला लागल्या,
पाढ्यासकट.
जिना उतरताना यमुनाताईंनी गाठलं,
अन् ती सँडल?
म्हटलं, आहे.