कागदाची पाठ

माझ्या नावाचं पार्सल मीच उतरवून घेते,
मीच वहीत चढवते, तारखेचा शिक्का मारते,
मग सही घेऊन मलाच देते.
शाखा डाकघर म्हणजे आमच्या घराची पुढची खोली.
एक वजनकाटा, एक लाल पाटी,
आणि टेबलाखाली शेजारच्यांची शेळी.

नळीतून आज बर्फातला घाट निघाला.
नावाडी वाकलेला, टोपलीवर बर्फ,
पाणी वर गडद निळं, खाली येता येता
काहीच नाही, नुसता कागद.

अस्सल नाही. कोणी विचारायच्या आत मीच सांगते.
जुनी फळी झिजली, मग कोणीतरी
नव्या फळीवर त्याच रेघा पुन्हा कोरल्या.
समासात बारीक शिक्का आहे. मला वाचता येत नाही.
अशी एकोणीस झालीत
धानाच्या ढोलीमागच्या ट्रंकेत,
कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून.
विसावं महाग होतं. सोडलं.

झिबल मिस्त्री पेन्शन काढायला आले.
चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही.
कागद पालथा केला, आणि पाठीवरून अंगठा फिरवला,
रंधा मारल्यावर चौकटीवरून फिरवतात तसा.
"इथं घासलं हाये. गोल गोल.
जोर मनगटाचा, खांद्याचा नाई.
आन् पान्याच्या जागी लाकडाचा रेशा उठला, पाय.
आंबा नसन. दाट हाये."
चेरी, म्हटलं. फुलांचं झाड असतं.
"फुलाचं झाड कापलं?"
थोडा वेळ गप्प राहिले.
"नाव कोनाचं हाये याच्यावर?"
चित्र काढणाऱ्याचं.
"आन् कोरनाऱ्याचं?"

मी मशीन पुढे सरकवलं.
अंगठा ठेवा काका.
लाल दिवा.
पुसून ठेवा. लाल दिवा.
साठ वर्षं पटाशी धरून
त्या अंगठ्यावर आता रेघच उरली नाही,
गुळगुळीत, तलावातल्या गोट्यासारखा.
तर्जनी नाही, मधलं बोट नाही.
डाव्या हाताची करंगळी लावली तेव्हा
मशीननं त्यांना ओळखलं.
पैसे दोनदा मोजून ते गेले,
नळीचं झाकण तेवढं मागून नेलं, नातवाच्या गाडीला चाक म्हणून.

रात्री सतरंजीवर
एकोणीसच्या एकोणीस पालथी मांडली, वर हा घाट.
नवरा म्हणाला, चित्रं उलटी आहेत.
हो, म्हटलं,
बॅटरी जरा तिरपी धर.