एक, खाडा, एक

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात
औषधाच्या खिडकीमागं बसते मी, सतरा वर्षं झाली.
खिडकीला जाळी, जाळीला एक भोक.
भोकातून चिठ्ठी आत येते, गोळ्या बाहेर जातात,
मधे जे बोलायचं असतं
ते बहुतेक जाळीलाच अडकतं.

आक्काताई माळी, मणेराजुरी.
चिठ्ठीवर होतं: १-०-१, तीन महिने.
मी म्हटलं असेन, जेवल्यावर घ्या हं. पुढचे!
"पुढचे" हा शब्द मी दिवसातून दोनशे वेळा म्हणते.

ती परत आली तेव्हा डाव्या पायाला बँडेज,
पिशवीत पाऊण हिस्सा गोळ्या तशाच,
रबर लावून जपलेल्या.

"घेतल्या नाहीत?"
"घेतल्या की. तुमी लिवल्यापरमानं.
आज एक. उद्या खाडा. परवा एक.
आन् गोडधोड खाल्लं न्हाई त्या दिवशी
साखरेची गोळी कशाला वाया घालवायची?"

मला हसू आलं नाही.
तेच शून्य मला दुपार होतं, तिला खाडा.
सहज विचारलं, बागेला फवारणी कशी करता?
आणि ती सुरू झाली:
छाटणीपासून कितव्या दिवशी काय,
शंभर लिटरला किती ग्रॅम,
डब्यावरचा त्रिकोण लाल की निळा,
वारं कुठल्या अंगानं असलं तर पंप खाली ठेवायचा,
शेवटचा फवारा आणि काढणी यात किती दिवस सोडायचे.
एकदाही अडखळली नाही.
दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे,
आणि तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.
"चुकलं तर बाग जळंल म्हनला."

बागेसाठी एवढं.
आणि पायासाठी, मी: पुढचे.

समोरच्या भिंतीवर फलक आहे,
'आहारातील कर्बोदकांचे प्रमाण नियंत्रित ठेवावे.'
इतका वर, की वाचायला मान मोडावी.
त्याच्याखाली बाळंतिणींचे नातेवाईक डबे सोडून बसतात.
आक्काताईनं अक्षर जुळवत वाचला:
"कर्बोदक कुणाच्या रानात पिकतंय वो?"
तुमच्याच, म्हटलं. भाकरीत आहे, भातात आहे,
द्राक्षाच्या घडात तर ठासून आहे.
"मग तसं लिवा की."

आता पाकिटावर मी सूर्य काढते, त्याखाली टिकली,
मग चंद्र, त्याखाली टिकली. दुपार कोरी.
चित्रकला बेताचीच.
बेडगच्या एका म्हाताऱ्याला चंद्र इळा वाटला.
म्हटलं, असू दे, इळा दिसला की जेवा आणि गोळी घ्या.
शेवटी विचारते, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?
काही लाजतात. एकजण चिडला, "येडं समजता का?"
परीक्षा माझी आहे, दादा,
मी नीट सांगितलं का, ते बघतेय.

रांग लांबते. साहेब घड्याळ बघतात.
गर्दीच्या सोमवारी अजूनही निसटतं तोंडातून, पुढचे!
आणि जे परत आलेच नाहीत
त्यांच्या पिशवीत किती गोळ्या उरल्या होत्या
हे कुठल्याच रजिस्टरात नाही.

परवा आक्काताई आली. दोन बोटं कमी, मऊ चप्पल.
पाकीट न बघता सगळं म्हणून दाखवलं.
मग जाळीच्या भोकाला तोंड लावून म्हणाली,
"आता तुमची पाळी, मुजावरबाई.
माझी बोटं कशानं गेली ते सांगा.
मला समजंल असं."

चिठ्ठ्यांवर वजन ठेवलं मी.
दार उघडून बाहेर आले,
तिच्या शेजारी बाकड्यावर बसले.
ठिबकची नळी आठवा, आक्का, म्हटलं,
आत क्षार धरत जातो, वरून काही दिसत नाही,
पाणी सुरू असतं, पण पोचत नाही.
आधी कुठली वेल वाळते?

पायाकडं बघत राहिली.
"टोकाची," म्हणाली.