पक्कं बिल

बोहरी आळीत दुपारी साडेतीनला
अर्धी दुकानं जेवून डुलत असतात.
हकीमुद्दीनभाई जागे होते.
म्हटलं, किल्लीशिवाय कुलूप उघडायचे आकडे हवेत,
पातळ, पोलादी. संच असला तर संच.
त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं,
मग पर्सकडे, मग पुन्हा चपलांकडे.
"कशासाठी?"
हौस.

तो शब्द काउंटरवर पडला
आणि बिजागऱ्यांच्या खोक्याशेजारी तसाच राहिला.
हौस म्हणजे भरतकाम, बोन्साय,
फार तर पन्नाशीत कथक.
मी वीस वर्षं लोकांचे हिशेब तपासते.
दुसऱ्याच्या कपाटात काय आहे ते मला पगारी कळतं
आणि त्यात काही राम नाही.
मला कपाट नको होतं. नुसतं कुलूप हवं होतं,
कशालाच न लावलेलं.

हे काही बोलले नाही.
ओळखपत्र पुढे केलं, पत्ता सांगितला.
त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं
तेव्हा बरंच वाटलं, कुणीतरी विचारतंय.
मग म्हटलं, बिल पक्कं द्या.
"काय लिहू त्यावर?"
जे आहे ते.
"किरकोळ हत्यारं लिहितो."
किरकोळ कशाला? आणि हत्यारं तरी कशाला?
पेन हवेत थांबलं.
मागे एकाला नळाची तोटी हवी होती, घाईनं.
शेवटी वळणदार अक्षरात उमटलं:
कुलूप शिकण्याचे आकडे, नग नऊ. जीएसटी वेगळा.
वर एक गंजकं कुलूप फुकट.
"किल्ली मेली ह्याची. बघा, बोलतं का."

अकरा रात्री, जेवणाच्या टेबलावर.
डाव्या हातानं पट्टी दाबायची
ती चिकू पिकलाय का पाहावं, तितकीच.
पहिली पिन भोळी. दुसरी आळशी.
तिसरी बसल्याचं नाटक करते
(असली व्हाउचरं मी पुष्कळ पाहिलीत).
अकराव्या रात्री, टक्.
आत काही नव्हतं.
त्या काही-नव्हतंकडे मी बराच वेळ पाहत बसले.

बिलाच्या पाठीवर दोन नियम लिहिले:
आपलं नसलेलं नाही.
वापरात असलेलं नाही.
घडी घालून संचाच्या कप्प्यात ठेवलं.

ऑक्टोबरात रात्री सव्वाबाराला बेल वाजली.
समोरचे पानसे, बर्म्युडात, हातात कचऱ्याची बादली,
मागे वाऱ्यानं ओढून घेतलेलं दार.
"मॅडम, तुमच्याकडे ते असतं म्हणे."
नऊ वर्षं ओळखते मी ह्यांना,
ह्यांची उपाशीपोटीची साखर मला पाठ आहे.
तरी तोंडातून गेलंच:
घर तुमचं असल्याचा काही कागद? लाइटबिल?
"लाइटबिल," पानसे म्हणाले, "आत आहे."
दोघांनी दाराकडे पाहिलं.
"आणि तसा फ्लॅट," ते अजून हळू म्हणाले,
"हिच्या नावावर आहे."

वृंदाताई बहिणीकडे, निगडीला.
माझ्या फोनवरून त्यांना उठवलं.
मग जिन्यात बसलो. मी गंजकं कुलूप आणलं,
खटका दाबून बंद केलं, त्यांच्या हातात दिलं.
चिकू, म्हटलं. चिकूइतकंच.
जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझायचा,
तो जागा ठेवायला मी हात हलवत होते.
तिसरीनं त्यांनाही फसवलं. दोनदा.

त्या आल्या तेव्हा दीड वाजून गेला होता.
आमच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं,
काही न विचारता किल्ली लावली.
किल्लीनं दार उघडतं
तेव्हा किती साधा आवाज होतो.
"थांब गं," पानसे म्हणाले, मान वर न करता,
"चौथी बसतेय."