तेवीस नंबर

फाटकावरच्या माणसाने माझ्या लेन्सवर वीत टेकवली.
करंगळीपुढे बोटभर उरली.
माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला,
जा आत, कोणाच्या डोक्यात घालू नका म्हणजे झालं.

थर्लस. जूनमधला रविवार.
चाळीसेक हजार माणसं आणि एकच ढग,
तोही कॉर्कच्या बाजूचा असावा,
नेमका माझ्या चष्म्यावर गळत होता.

बहीण घरी, डंगार्वनला.
तिला बघवत नाही. लोर्कनने हर्लिंगची काठी धरली
तेव्हापासून, म्हणजे तो सात वर्षांचा असल्यापासून,
मॅच असली की ती ओव्हन घासायला घेते.
"तू जा, ईटा. फोटो आण.
त्याचेच आण. बाकीच्यांचे पेपरात येतात."

आता एवढे सगळे कॅमेरे, एवढे फोन,
एकाच दोरीने ओढल्यासारखे
चेंडूमागे डावीकडे, चेंडूमागे उजवीकडे.
माझी लेन्स खाली, कोपऱ्यात,
राखीव खेळाडूंच्या बाकावर.

तिसऱ्या फोटोत तो बुटाची नाडी बांधतोय.
अकराव्यात बांधलेली नाडी पुन्हा बांधतोय.
मग गुडघ्यावर हेल्मेट,
कोणीतरी घटकाभर सांभाळायला दिलेल्या बाळासारखं.
मग काठीच्या मुठीवरची टेप नखाने उकलतो,
परत गुंडाळतो, उकलतो.
एका फोटोत अख्खा बाक उठून उभा, हात आभाळात.
गोल झाला असणार. आमचाच.
मला तेव्हा तो दुसऱ्याच्या कोपरामागे गेल्याचं
तेवढं वाईट वाटलं.

शेजारी लाल जर्सीतला कॉर्कचा म्हातारा.
फॉइलमधलं हॅमचं सँडविच मोडून
अर्धं माझ्यापुढे धरत म्हणाला,
"बाई, खेळ तिकडे चाललाय."
"माझा इकडे बसलाय," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग काही न विचारता मला खेळ सांगायला लागला,
बोलता बोलता, चावता चावता:
तुमचा सहा नंबर पडला, उठला,
तुमचा एक पॉइंट, वाऱ्यानेच नेला म्हणा.
त्यांचा झाला की मात्र आवाज खाली,
सुतकाच्या घरात आल्यासारखा.

अडुसष्टावं मिनिट. दोन उरलेली.
बाकावर कोणीतरी मान हलवली
आणि माझ्या चौकटीतून मुलगा निघून गेला.
उरला नुसता बाक, ओला,
त्याच्या बसण्याएवढा कोरडा तुकडा.
तो मी काढला. एकसष्टावा.
हाच शेवटचा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

हातात चिठ्ठी घेऊन तो पंचाकडे धावला,
शाळेला उशीर झालेल्या पोरासारखा.
पुढचं मला सांगता येतं, दाखवता येत नाही.
दोनदा चेंडू त्याच्याकडे आला.
पहिल्यांदा काठीवरून घसरला.
दुसऱ्यांदा, पासष्ट यार्डांवरून असेल,
त्याने अंग वळवलं, दोन्ही पाय जमिनीवर नव्हते,
आणि चेंडू खांबांच्या मधून वर, वर,
त्या ढगात शिरतोय की काय असं वाटेपर्यंत.

तरी आम्ही एका पॉइंटने हरलो.

गाडी लावली त्या शेतात चिखल.
म्हाताऱ्याने फोन पुढे केला, नंबर टाका म्हणाला,
त्याच्या बोटांना लोणी लागलेलं होतं.
घरी पोचेपर्यंत त्याचा फोटो येऊन बसला होता.

बहिणीने माझे एकसष्ट ओट्याला टेकून, रबरी हातमोजे न काढता,
पाहिले. नाडी. टेप. कोपर. बाक.
"आणि खेळला तेव्हाचा?"

मी तिला म्हाताऱ्याने पाठवलेला दाखवला.
त्यात मैदान नाही, मुलगा नाही.
त्यात मी. चष्मा वाकडा,
तोंड एवढं उघडं की दाढेतली चांदी दिसावी,
दोन्ही हात डोक्यावर,
आणि कॅमेरा गळ्यात लोंबतोय,
विसरलेल्या घंटेसारखा.

तिने एक मोजा काढला.
ओल्या बोटाने माझा चेहरा मोठा केला,
अजून मोठा, डोळ्यांपर्यंत.
काय शोधत होती कोण जाणे.
"एवढा उंच गेला?" तिने विचारलं.