माया

कोपरखैरणे, सेक्टर अकरा. दोन मेडिकलांच्या मधे माझं दुकान,
पाटीवर अजून 'निकुंभ टेलर्स, सफारी स्पेशालिस्ट'.
सफारी आता कोणी शिवत नाही.
मी चेनी बदलतो, बाह्या आखूड करतो,
आणि ईश्वरी तांडेलची
तलवारबाजीची पांढरी विजार.

पहिल्यांदा आली तेव्हा नववीत होती.
काका, उजव्या पायात घट्ट होतेय.
धुऊन आटली असेल, मी म्हटलं.
एकाच पायात?
टेप लावली. उजवी मांडी बावन्न, डावी साडेएकोणपन्नास.
पुन्हा लावली. तेच.
चाळीस वर्षांत उतरते खांदे पाहिले,
एक हात आखूड असलेल्या नवरदेवाची बाही
बेमालूम जुळवून दिली,
पण एका पोरीच्या दोन मांड्या दोन घरच्या,
हे नवीन होतं.

तिनं दुकानातच करून दाखवलं.
हातात माझी फूटपट्टी, डावा पाय मागे रोवलेला,
आणि उजवा असा फेकला पुढे
की काउंटरखालच्या चिंध्या हलल्या.
सगळा देह येऊन थांबला त्या एका गुडघ्यावर.
दिवसातून किती वेळा?
मोजत नाही. तीनशे असतील.
खाली काय?
शाळेचा हॉल, कोटा फरशी, वर पिवळे पट्टे.
बूट बहिणीचे, बॅडमिंटनचे.

शिवण उसवली. आत दोन बोटं माया होती,
मोकळी केली. वहीत आकडे लिहिले.

पुढच्या वर्षी चोपन्न आणि पन्नास.
माया संपलेली, जोड लावला.
गुडघ्यावर निळी पट्टी चिकटवलेली होती.
काही नाही हो, जिना उतरताना करकरतं.
तेव्हा बोलायला हवं होतं.
पण शिंप्यानं माप घ्यावं, अंगाबद्दल बोलू नये,
ही वडिलांची शिकवण,
शिवाय ती जिंकत होती.
पेढे माझ्याही काउंटरवर.

निवड चाचणीत, चौदा-तेरा असताना
समोरचीनं हात काढून घेतला.
ईश्वरीचं पाऊल पडलं तिथे, सरळ,
गुडघा मात्र आत वळला.
कोणी ढकललं नव्हतं. कोणी शिवलंही नव्हतं.
दोरा तुटल्यासारखा आवाज झाला का, मी विचारलं.
नाही काका. जीन्सचं बटण उडतं ना, तसा.

डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेलं तिनं मला दाखवलं:
हाडांच्या मधे फुलीचा टाका,
त्याचा एक पाय सुटलेला.
मांडीमागचाच दोरा काढून तिथे ओवलाय.
म्हणजे रफू. मला लगेच कळलं.

नेरूळची फिजिओ म्हणाली, आधीचं माप असतं तर बरं झालं असतं.
ईश्वरी माझी वही घेऊन गेली.
परत आणली तेव्हा त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.
एवढं दिसत होतं तर,
असं कोणी म्हटलं नाही.
मशीन चालवताना मीच म्हणतो,
उजव्या पायानं.

आता ती दर पंधरा दिवसांनी येते, माप द्यायला.
उजवी सत्तेचाळीस.
मग साडेसत्तेचाळीस. मग पुन्हा सत्तेचाळीस,
त्या आठवड्यात परीक्षा होती.
विजार आत घ्या म्हणाली, ढगळ होतेय.
कापली नाही. कच्च्या टाक्यानं टाचून ठेवली,
चार बोटं माया सोडून.

डॉक्टर नऊ महिने म्हणालेत.
ती म्हणते सहा, पुण्याला स्पर्धा आहे,
थोडीशीच खेळेन.
काल संध्याकाळी आली, जिन्यावरून एकेक पायरी.
काका, विजार झाली?

शिंपी वेळेवर देत नाहीत,
हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.
विजार माझ्या मागच्या फळीवर आहे, इस्त्री करून.
नाही गं, म्हटलं.
बटणं यायचीत.
पुढच्या आठवड्यात बघ.