ओल

ज्या सकाळी गावातली घड्याळं
अकरा एक्केचाळीसला थांबली
त्या सकाळी चर्चही बसलं खाली,
म्हातारी गाय बसते तसं,
आधी पुढचे गुडघे.

मग मदतीच्या आगगाडीतून आलेला एक लोखंडी डबा
औषधं काढून रिकामा झाला.
तेर नेर्सेसनी त्यात टेबल ठेवलं,
टेबलावर ढिगाऱ्यात सापडलेला क्रूस,
एक हात मोडलेला.
डब्यावर परक्या लिपीत काहीतरी छापलं होतं.
आम्ही दाराशी वाकून त्याला हात लावायचो.
पुढे कुणीतरी वाचून सांगितलं:
ही बाजू वर.

उणे पंचवीसच्या हिवाळ्यात
सत्तर माणसं त्या डब्यात उभी,
खांद्याला खांदा, कोटाला कोट.
श्वास वर जायचा, पत्र्याला लागून गोठायचा.
वाळूच्या तबकात मेणबत्त्या पेटल्या
की छत पाझरू लागे,
टपकन एक थेंब मानेवर, पोथीवर,
अरुस्याकच्या काळ्या रुमालावर.
ती रुमाल पुसायची नाही.
"आपलेच श्वास आहेत," म्हणायची,
"आणि एक त्याचा.
कुठला, ते विचारू नये."

तिचे दोन्ही मुलगे त्या सकाळी शाळेत होते.

मी पाथरवट.
नव्या चर्चचं काम निघालं तेव्हा
जर्दाळूच्या रंगाचा दगड खाणीतून मीच निवडला.
टाकीचे घाव सोसले की दगडाला देवपण येतं म्हणतात.
मी सहा वर्षं घाव घातले,
दगडाला गुळगुळीतपणा आला.
समुद्रापलीकडच्या देणगीदाराचं नाव कोरायला तीन दिवस लागले.
देवाचं अर्ध्या दिवसात झालं,
अक्षरं कमी होती.

पवित्र तेलानं खांब माखले त्या दिवशी
परगावचे लोक मान मागे टाकून घुमट बघत होते.
मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू,
माझ्या हातचा घुमट.
अरुस्याक मात्र भिंतीशी गेली,
हातमोजा काढून तळवा टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
"थंड आहे," म्हणाली. "कोरडी आहे."
मला राग आला.
भिंत कोरडी असावी म्हणून तर
गवंडी पैसे घेतो!

डबा क्रेननं उचलला, भंगारात गेला.
त्याच्या जागी चौकोनी पिवळं गवत राहिलं.
अरुस्याक चर्चला येताना त्याला वळसा घालून यायची.

असे चार हिवाळे.
उंच छताखाली आम्ही लांब लांब उभे राहायचो,
तेर नेर्सेसचा आवाज घुमून परत यायचा
आणि दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

यंदा फेब्रुवारीत वीज गेली, तीन दिवस.
गरम हवेची यंत्रं बंद.
तेर नेर्सेस आता थकलेत, त्यांचा आवाज पुढच्या खांबापर्यंतही पोचत नाही.
ते म्हणाले, "जवळ या रे."
आम्ही गेलो. आणखी जवळ.
शेवटी वेदीच्या पायरीशी एवढी गर्दी झाली
की माझं कोपर बेकरीवाल्या होवसेपच्या बरगडीत,
कुणाचं तरी तान्हं माझ्या कोटाची गुंडी चोखतंय,
आणि मध्ये मेणबत्त्यांचं ते जुनंच तबक.

प्रार्थना संपली. माणसं पांगली.
मी सांधे तपासायला मागे राहिलो,
गारठ्यात दगड कधी कधी उलतो.
वेदीजवळच्या खांबावर, पुरुषभर उंचीवर,
बोटाला ओल लागली.

छताला गळती नाही, हे मी शपथेवर सांगतो.
बाहेर सगळं गोठलेलं होतं.
ओल कशाची ते मला समजतं,
धंदाच आहे माझा.
पण ओल सगळी आमचीच होती का,
हे मात्र मी मोजलं नाही.

अरुस्याक दारात उभी होती.
मी ओलं बोट तिला दाखवलं.
तिनं मान डोलावली,
आणि मोजा न घालताच
पिवळ्या चौकोनावरून सरळ
घरी गेली.